शड्डू आणि शिफारस : कोल्हापूरच्या क्रीडासन्मानांची घडण

खेळातले मानसन्मान ढोबळ मानाने दोन प्रकारचे असतात : काही जिंकून घ्यायचे आणि काही कोणीतरी द्यायचे. महाराष्ट्र केसरीची गदा पहिल्या प्रकारात मोडते, कारण शेवटची कुस्ती निकाली झाली की ती कोणाच्या खांद्यावर जायची हे कोणाला विचारावे लागत नाही. अर्जुन पुरस्कार, शिवछत्रपती पुरस्कार किंवा एखाद्या फुटबॉल स्पर्धेतील मालिकावीराचा चषक दुसऱ्या प्रकारात मोडतो, कारण तेथे समिती बसते, नावे पुढे येतात आणि त्यांतून एक निवडले जाते. नावे पुढे येतात म्हणजे ती कोणीतरी पुढे करतो, आणि हे पुढे करणे, म्हणजेच खेळाडूची वकिली, हा जगभर खेळाचाच एक जोडधंदा होऊन बसला आहे. अमेरिकेत बेसबॉलच्या हंगामातील सर्वांत मोलाचा खेळाडू १९३१ पासून क्रीडालेखकांची संघटना मतदानाने ठरवत आली आहे, आणि मतदानाच्या आधीचे आठवडे कोणाचे आकडे किती वजनाचे या वादात जातात. इतकेच काय, संगणकावर चालणाऱ्या ज्या कल्पित बेसबॉल लीगमध्ये खेळाडू आणि त्यांचे फटके केवळ आकड्यांच्या रूपाने अस्तित्वात असतात, तेथेही हंगाम संपताना प्रत्येक संघचालक आपल्या खेळाडूसाठी उरलेल्यांची मनधरणी करतो. कोल्हापूरच्या मैदानांचा आणि बेसबॉलचा संबंध बेताचाच. परंतु खेळाडूसाठी कोणी बोलायचे, कोणापुढे बोलायचे आणि मुख्य म्हणजे केव्हा बोलायचे, हा प्रश्न या शहराच्या इतिहासात गेली शंभराहून अधिक वर्षे निरनिराळ्या रूपांत दिसत राहिला आहे. कुस्तीच्या परंपरेने ही वकिली लढतीच्या आधी करायला शिकवले. सरकारी आणि संस्थात्मक पुरस्कारांना ती लढतीनंतर, कागदावर हवी होती. आणि या दुसऱ्या विद्येत कोल्हापूर दीर्घकाळ कच्चे राहिले.

छत्रपती शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा कोल्हापुरात कुस्ती होतीच. तिला राज्याश्रयाची बैठक देण्याचे काम त्यांनी केले. मल्लांना दरबारातून खुराक बांधून देणे, पंजाबकडील नामांकित मल्लांना करवीरात बोलावून ठेवणे, पेठापेठांतून तालमी उभ्या करणे या सर्वांमुळे मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम अशी नावे महाराष्ट्रभर पसरली. खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई आणि मटण यांचा रोजचा शिधा. तो घरच्या मिळकतीतून चालवणे शेतकरी कुटुंबाला झेपण्यासारखे नसल्यामुळे तो कोणाला बांधून मिळतो हाच त्या काळातला पहिला मोठा सन्मान होता. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले, त्या प्रवासात रोममधले प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले, आणि त्यावरून सुचलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये कुस्तीसाठी खुले झाले. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि सभोवार चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असल्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पाठ मातीला लागली की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. या रचनेकडे केवळ वास्तू म्हणून पाहून भागत नाही. हजारो माणसे एकाच वेळी साक्षीदार झाली म्हणजे निकालाला पंचाच्या शब्दाची गरज कमी उरते, आणि ज्याचा निकाल सर्वांनी पाहिला त्याच्यासाठी नंतर कोणी रदबदली करण्याचे कारण राहत नाही. कोल्हापूरकरांच्या मनात सन्मानाविषयीची जी कल्पना रुजली ती या बैठकीवर बसून रुजली, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र हौद्यात उतरण्याआधीचा भाग अगदी निराळा होता, आणि तेथे वकिलीला पूर्ण वाव होता. कुस्तीत दोन मल्लांची जी गाठ घालून दिली जाते तिला ‘जोड’ म्हणतात. वजन, उंची, वय, तयारी आणि आजवरचा लौकिक पाहून तुल्यबळ मल्ल समोर आणणे म्हणजे जोड ठरवणे, आणि निकाल कोणाच्या बाजूने जाईल हे सांगता येऊ नये इतकी ती जमली तर ती काटाजोड. जोड चुकली तर मल्लाचे वर्ष वाया जाते : हलका प्रतिस्पर्धी मिळाला तर जिंकूनही नाव होत नाही, आणि फार जड मिळाला तर पडल्याचा डाग राहतो. म्हणून तालमीचा वस्ताद, म्हणजे मल्ल घडवणारा आणि त्याच्या साऱ्या दिनक्रमावर हुकमत असणारा गुरू, मैदान भरवणाऱ्यांकडे आपल्या पठ्ठ्याची बाजू मांडत असे. अमक्या यात्रेत याने अमक्याला घिस्सा लावून चीत केले, तमक्याशी बरोबरीत सोडवली, आता याला वरच्या नंबरात घ्या, असा हा युक्तिवाद चाले. पठ्ठ्याने स्वतः तोंड उघडणे मात्र शोभत नसे. तो शड्डू ठोकी, म्हणजे दंडावर आणि मांडीवर थाप मारून आव्हान देई, आणि त्याच्या वतीने बोलायचे ते वस्ताद बोले.

खेड्यापाड्यांतल्या यात्रा-उरुसांत या व्यवहाराचे सर्वांत साधे रूप अजूनही पाहायला मिळते. दुपार कलली की पोरांच्या, रेवडीवरच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुस्त्या सुरू होतात. लंगोट लावलेले मूल मैदानातून फिरते, एखादा जाणता त्याचा हात धरून वर करतो, आणि समोरून तसाच फिरवला जाणारा दुसरा मुलगा हाताला हात लावतो की जोड पक्की झाली. हलगीचा ठेका वाढत जातो तशी इनामाची रक्कमही चढत जाते, आणि दिवे लागणीच्या सुमाराला ‘एक नंबरची’ कुस्ती लागते. हात धरून फिरवणारा तो माणूस, खरे तर, शिफारसपत्राचे चालतेबोलते रूप आहे. त्याच्या शब्दाची खातरजमा मात्र पाच मिनिटांत तेथेच होते, आणि खोट्या स्तुतीची किंमत मुलाच्या पाठीला मोजावी लागते.

छापखाने आले तशी या वकिलीला कागदाची जोड मिळाली. कुस्ती मैदानाचे भित्तिपत्रक हा दक्षिण महाराष्ट्रातल्या मुद्रणाचा दुर्लक्षित राहिलेला प्रकार असून त्याची मांडणी न्याहाळण्यासारखी असते. माथ्यावर ग्रामदैवताचे नाव आणि यात्रेची तिथी. त्याखाली डाव्या-उजव्या बाजूंस उघड्या अंगाच्या दोन मल्लांची छायाचित्रे, असलीच तर खांद्यावर गदा, आणि मधे ‘विरुद्ध’. प्रत्येकाच्या नावापुढे ‘पै.’, म्हणजे पैलवान, आणि जिंकलेले किताब. नावाखाली तालमीचे आणि वस्तादाचे नाव. मग इनामाचा आकडा आणि तो देणाऱ्याचे नाव. पहिल्या नंबराची छायाचित्रे सर्वांत मोठी, दुसऱ्याची त्याहून लहान, आणि तळाशी येईतो छायाचित्र जाऊन नुसती नावांची रांग उरते. आपला मल्ल यंदा रांगेतून निघून छायाचित्रात आला किंवा चौथ्या नंबरावरून दुसऱ्यावर चढला, हे एखाद्या तालमीच्या दृष्टीने वर्षाचे फलित असे. पुरस्कारांची यादी कोणी जाहीर करत नसले तरी हंगामाच्या अखेरीस कोण कोठे उभा आहे हे या कागदांवरून जाणकारांना सांगता येई, आणि तो कागद छापला जाण्यापूर्वीच्या बैठकीत होणारी ओढाताण ही कोल्हापूरची खरी पुरस्कार-मोहीम होती.

आव्हानाचा जाहीर उच्चार ही याच परंपरेची दुसरी बाजू. १९१० मध्ये गामा पैलवान लंडनला गेला तेव्हा उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत प्रवेश मिळेना. त्यावर त्याने कोणत्याही वजनाच्या तीन मल्लांना तीस मिनिटांच्या आत चीत करीन असे आव्हान छापवून आणले, पुढे आलेल्या मल्लांना हरवले, आणि दार उघडून घेतले. पंजाबातल्या या मल्लाची ही कथा कोल्हापूरच्या तालमींत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली, कारण तिच्यातला न्याय तेथल्या न्यायासारखाच होता : शंका असेल तर कुस्ती लावा.

हाच न्याय खाशाबा जाधवांच्या चरित्रात एकदा उपयोगी पडला आणि एकदा सर्वस्वी निरुपयोगी ठरला, म्हणून त्यांच्याकडे थोडे सावकाश पाहणे आवश्यक आहे. कराडजवळच्या गोळेश्वर या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी जन्मलेले खाशाबा शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने गेले, गादीवरच्या कुस्तीचा सराव नसतानाही फ्लायवेट गटात सहावे आले, आणि चार वर्षांनी पुन्हा जाण्याची तयारी करू लागले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीच्या निवडीत, मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला अशी त्यांची तक्रार होती, आणि ती त्यांनी पतियाळाच्या महाराजांपर्यंत नेली. अर्ज करून, दाद मागून, वजनदार माणसाच्या कानावर घालून केलेली ही वकिलीच होती. परंतु तिची मागणी नीट पाहिली पाहिजे. तिच्यात नाव यादीत घालण्याची विनंती नव्हती, फिरून एक कुस्ती लावण्याची होती. ती लावली गेली, खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले, आणि वाद संपला.

उरला पैशाचा प्रश्न. लोकांकडून वर्गणी गोळा झाली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी सात हजार रुपयांसाठी आपले घर गहाण ठेवले, ही हकीकत आता सर्वश्रुत आहे. २३ जुलै १९५२ रोजी बँटमवेट गटात, म्हणजे ५७ किलो वजनाखालील मल्लांत, खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर त्यांची मिरवणूक शंभराहून अधिक बैलगाड्यांनी निघाली, आणि त्यानंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवून, त्या स्वतः लढून, प्राचार्यांचे कर्ज फेडले. घर गहाण ठेवण्याइतकी पत प्राचार्यांनी एका विद्यार्थ्यावर लावली, आणि विद्यार्थ्याने ती पुन्हा मातीतूनच परत केली.

पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. पद्म पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले आणि अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये. म्हणजे खाशाबा पदक घेऊन आले तेव्हा देशाकडे खेळाडूला देण्यासाठी कोणताही नियमित पुरस्कार नव्हता, आणि पुरस्कार आले तेव्हा ताज्या कामगिरीचे नवे मल्ल समोर उभे होते. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत नेण्याचा मान त्यांना मिळाला, आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा मृत्यू झाला. राज्याचा शिवछत्रपती पुरस्कार आणि केंद्राचा २००० सालचा अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले. त्यांच्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारा भारतीय म्हणजे १९९६ चा लिअँडर पेस. त्याला खेलरत्न आणि पुढे २००१ मध्ये पद्मश्री मिळाला. खाशाबांना पद्म सन्मान मिळावा यासाठी कुटुंबीय, कुस्तीप्रेमी आणि लोकप्रतिनिधी यांनी वारंवार मागणी केली आहे, परंतु पद्म सन्मान सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत हा नियम तिच्या आड येतो. मद्रासच्या एका गुणावर उपाय होता, कारण प्रतिस्पर्धी हयात होता आणि माती जागेवर होती. येथे कुस्ती कोणाशी लावायची हाच प्रश्न आहे. दिल्लीतल्या कुस्तीच्या क्रीडागाराला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले आणि महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. कुस्तीत हरवता न येणाऱ्या नियमापुढे जे करता येण्यासारखे होते ते असे झाले.

१९६१ हे वर्ष या इतिहासात दोन कारणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे, आणि ती दोन्ही कारणे सहसा एकत्र पाहिली जात नाहीत. त्याच वर्षी केंद्र सरकारचा अर्जुन पुरस्कार सुरू झाला, आणि त्याच वर्षी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा औरंगाबादला भरून दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. एक सन्मान शिफारशीचा, दुसरा पकडीचा. कोल्हापूरने आपले सारे बळ दुसऱ्यामागे लावले, यात नवल नाही. श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये दिल्लीला बंतासिंगला हरवून हिंदकेसरीचा किताब आणला होता. १९६० मध्ये मोतीबागेचे गणपत आंदळकर हिंदकेसरी झाले. पुढे दीनानाथसिंह, चंबा मुतनाळ, दादू चौगुले, लक्ष्मण वडार, युवराज पाटील अशी कोल्हापूरच्या तालमींत घडलेल्यांची मालिकाच लागली. किताब नावाला इतका चिकटतो की तो नावाचाच भाग होतो : पत्रिकेत, फलकावर, बोलण्यात ‘हिंदकेसरी’ आधी आणि माणसाचे नाव मागाहून येते. दोनदा जिंकणारा ‘डबल महाराष्ट्र केसरी’, अंतिम फेरीत हरणारा ‘उपमहाराष्ट्र केसरी’. आणि केसरीचे हे वेड पुढे इतके पसरले की जिल्हा, तालुका, महापौर, कारखाना अशा प्रत्येक शब्दाला केसरी जोडला गेला. किताबांच्या या उत्पादनवाढीने मूळ किताबाचे वजन घटले, हे मात्र मान्य केले पाहिजे.

दोन्ही वाटा ज्याला साधल्या असा ठळक मल्ल म्हणजे आंदळकर. १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी पदके मिळवली, १९६४ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी ते टोकियो ऑलिंपिकला गेले. त्यांच्या बाबतीत शिफारशीला आंतरराष्ट्रीय पदकाचा आधार होता. मातीतल्या कर्तृत्वाची मात्र सरकारी कागदावर नोंद करायला रकानाच नव्हता; खासबागेत पन्नास मिनिटे झुंजून मिळवलेल्या विजयाला प्रमाणपत्र नसते, आणि हजारो साक्षीदारांपैकी एकाचीही सही अर्जाला जोडता येत नाही. दादू चौगुले १९७० आणि १९७१ मध्ये महाराष्ट्र केसरी झाले, १९७३ मध्ये रुस्तुम-ए-हिंद झाले, १९७४ मध्ये क्राइस्टचर्चच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवले. आयुष्यभराच्या कामगिरीसाठी तेव्हा दिला जाणारा केंद्राचा ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०१८ मध्ये, म्हणजे त्या रौप्यपदकानंतर चव्वेचाळीस वर्षांनी मिळाला, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. शिवछत्रपती पुरस्कारासाठीही प्रमाणपत्रे, संघटनेची शिफारस आणि विहित नमुना लागतो. ज्या समाजात स्वतःची स्तुती स्वतः करणे कमीपणाचे समजले जाई आणि ती करण्याचा अधिकार वस्तादाला होता, त्या समाजात अर्जाचा नमुना भरायचा कोणी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नव्हता. वस्ताद मैदान भरवणाऱ्याशी चार शब्द बोलू शके, मंत्रालयाशी त्याची ओळख नसे.

आकडे असले म्हणजे वकिली सोपी होते, असा एक समज आहे, आणि तो खोटा पाडणारा माणूसही कोल्हापूरचाच निघाला. भाऊसाहेब निंबाळकर यांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी करंडकाच्या सामन्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमनचा प्रथम श्रेणीतला तेव्हाचा विक्रम ४५२ चा होता. दहा धावा केल्या की तो मोडला असता, परंतु काठियावाडच्या कर्णधाराने पुढे खेळायला नकार दिला, संघ मैदान सोडून गेला, आणि डाव तेथेच थांबला. एवढा मोठा आकडा पाठीशी असूनही निंबाळकरांना अधिकृत कसोटी सामना एकदाही खेळायला मिळाला नाही. क्रिकेट नियामक मंडळाचा सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला तो २००२ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतर. बेसबॉलच्या आकडेशास्त्रज्ञांना हा दाखला बुचकळ्यात टाकील. कोल्हापूरकरांना तो तितकासा अनाकलनीय वाटत नाही, कारण आकडा स्वतःहून बोलत नाही, त्याच्या वतीने योग्य खोलीत योग्य वेळी कोणीतरी बोलावे लागते, हे त्यांनी एकाहून अधिक खेळांत पाहिले आहे.

शहराचा दुसरा जिव्हाळ्याचा खेळ फुटबॉल, आणि हंगामाच्या अखेरीस वैयक्तिक पुरस्कार देण्याची पद्धत जशीच्या तशी आढळते ती येथे. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली के.एस.ए., ही छत्रपती घराण्याच्या आश्रयाने वाढलेली संस्था असून तिची लीग आणि शाहू स्टेडियमवरील चषक स्पर्धा यांवर शहराचा फुटबॉल उभा आहे. संघांची नावेच इतिहास सांगतात : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. कुस्तीच्या आखाड्यांभोवती जमलेल्या पेठांनी चेंडू हाती घेतला तेव्हा नाव बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि नावाबरोबर पेठेची ईर्षाही मैदानात आली. प्रत्येक सामन्यानंतर एक ‘सामनावीर’ आणि एक ‘लढवय्या’ निवडला जातो. स्पर्धा संपली की उत्कृष्ट गोलरक्षक, उत्कृष्ट बचावपटू, उत्कृष्ट मध्यरक्षक, उत्कृष्ट आघाडीपटू आणि मालिकावीर अशी नावे पुकारली जातात. यांतला ‘लढवय्या’ हा पुरस्कार खास या मातीतला आहे. उत्तम खेळ एका बाजूने केला तरी दुसऱ्या बाजूचा कोणीतरी शेवटपर्यंत झुंजला, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याची ती सोय आहे. बरोबरीत सुटलेल्या कुस्तीनंतर दोन्ही मल्लांचे हात वर करण्याची जी रीत आहे तिचेच हे चामड्याच्या चेंडूबरोबर आलेले भावंड म्हणता येईल.

या पुरस्कारांसाठीची मोहीम मात्र हौद्याच्या परंपरेहून उलट्या दिशेने चालते. नावे जाहीर होण्यापूर्वी कोणी कोणाकडे शब्द टाकत नाही, निदान उघडपणे टाकत नाही. जाहीर झाल्यावर चौकात चर्चा सुरू होते, गोल कोणी केला यापेक्षा तो कोणाच्या पासवर झाला याचा काथ्याकूट होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेठेच्या कोपऱ्यावर अभिनंदनाचा डिजिटल फलक उभा राहतो. ज्याला पुरस्कार मिळाला नाही त्याचाही फलक कधी कधी लागतो, ‘आमच्यासाठी मालिकावीर तूच’ अशा आशयाचा. समितीच्या निवडीवर पेठेने नोंदवलेले हे अपील असून ते ऐकायला कोणतेही न्यायालय नाही, याची फलक लावणाऱ्यांना पूर्ण कल्पना असते.

समाजमाध्यमांनी या चर्चेला पेठेबाहेर नेले, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याचा कुस्तीलाही प्रत्यय आला. पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाच्या अंतिम लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखवर बाहेरील टांग हा डाव टाकला, त्याला चार गुण देण्यात आले, आणि सिकंदर हरला. सिकंदर सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळचा, परंतु कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत घडलेला. पाठ किती लागली, खांदा टेकला की नाही, गुण दोन की चार, यावर त्या काही सेकंदांची चित्रफीत लक्षावधी भ्रमणध्वनींवर पुन्हा पुन्हा थांबवून पाहिली गेली, आणि खरा महाराष्ट्र केसरी कोण असा सवाल गावोगाव विचारला जाऊ लागला. खासबागेच्या बैठकीवर जे एकदाच, सर्वांनी मिळून पाहायचे होते ते आता प्रत्येकाने एकट्याने, हवे तितक्यांदा पाहायची सोय झाली होती, आणि त्यामुळे एकमत होण्याऐवजी मतांचीच संख्या वाढली. पंचांच्या निर्णयावर एवढे मोठे लोकमत उभे राहूनही निकाल बदलला नाही, आणि तो तसा बदलायचा नसतो हे कुस्तीतल्या जुन्या मंडळींनी तेव्हाच बोलून दाखवले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पुण्याजवळच्या फुलगावला पुन्हा महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली; अंतिम लढतीत सिकंदरसमोर जानेवारीचा महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे होता, आणि ती कुस्ती सिकंदरने अवघ्या काही सेकंदांत निकाली केली. दहा महिने चाललेली वकिली तेवढ्यात आटोपली, आणि पुढच्या यात्रांच्या भित्तिपत्रकांवर त्याच्या नावाआधी काय छापायचे याविषयी कोणाला काही विचारावे लागले नाही.